घरातली रक्ताची वही कशी लिहायची

सिकलसेल, थॅलसेमिया असे रक्ताचे आजार आईबापांकडून लेकरांत उतरतात. घरातल्या सगळ्यांच्या त्या तपासण्या एका जागी लिहायला दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. सुटे कागद नकोत. सुटा रिपोर्ट पत्र्याच्या पेटीत पडून राहतो, पावसाळ्यात ओल धरतो, घडीवर फाटतो आणि नेमका टक्क्यांचा आकडा त्या घडीवरच असतो. रक्त तपासणाऱ्या छोट्या मशीनमधून निघणारी छापील कागदाची पट्टी तर काही महिन्यांत पांढरीफटक होते. आकडा उडाला की पुन्हा सुई, पुन्हा तालुक्याची खेप, पुन्हा दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी आकडे पेनानं वहीत उतरवायचे आणि मूळ कागद शेजारी चिकटवून टाकायचा.

मी किनवट तालुक्यातली, आंध समाजातली. गेली १९ वर्षं लॅबमध्ये रक्त तपासते. आमच्या घरात अशी वही नव्हती. थोरल्या भावाचे हातपाय सुजायचे, थंडीत कळा यायच्या, डोळे पिवळे व्हायचे. आई त्याला कावीळ समजायची, आज्जी म्हणायची बाहेरचं आहे. सहा वर्षांचा असताना तो दोन दिवसांच्या तापात गेला. पुढे मी नांदेडला लॅबचं शिकायला गेले. तिथं आम्ही मुली सरावासाठी एकमेकींचं रक्त तपासायचो. माझ्या रक्ताची नळी गढूळ झाली, मागे धरलेल्या कार्डावरच्या रेघा दिसेनात. मी सिकलसेलची वाहक निघाले, म्हणजे दोन जनुकांपैकी एक बदललेलं, पण स्वतः आजारी नाही. सुटीत घरी येऊन आईबापाचं रक्त नेलं, दोघंही वाहक. भावाला काय झालं होतं ते त्याला जाऊन चौदा वर्षं झाल्यावर आम्हाला कळलं. त्या उन्हाळ्यात मी पहिली वही घातली.

वहीचं पहिलं पान घराण्याच्या झाडाचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वाहक असेल तर आकृती अर्धी रंगवायची, आजारी असेल तर पूर्ण. तपासणी झालीच नसेल तर आत प्रश्नचिन्ह. आपल्यापासून वर आजीआजोबांपर्यंत जायचं, आणि दोन्हीकडचे घ्यायचे: काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची लेकरं. नात्यात लग्न झालं असेल, म्हणजे मामाची मुलगी केली असेल, तर नवराबायकोमध्ये एकाऐवजी दोन रेघा ओढायच्या. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांना जनुकांचा आठवा हिस्सा सारखा मिळालेला असतो, त्यामुळे घरात दडून बसलेला एखादा बदल दोन्हीकडून एकाच लेकरात उतरायची शक्यता वाढते.

लहानपणी गेलेली लेकरंही लिहायची. सगळ्यात महत्त्वाची माहिती तिथंच असते, आणि लोक नेमकी तीच गाळतात. हे काम दुपारी, म्हाताऱ्या बायकांजवळ बसून करायचं. "घराण्यात कुणाला सिकलसेल होता का" असं विचारलं तर उत्तर येतं, "आमच्यात तसलं काई नाई माय." त्याऐवजी असं विचारा: कोणत्या लेकराचे हातपाय सुजायचे? डाव्या बरगडीखाली पानथरी कुणाची वाढली होती? कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं? कोण तरुणपणीच खुब्यातून लंगडायला लागलं? पित्ताचे खडे कोवळ्या वयात कुणाला झाले? माझ्या आत्यानं आधी मान हलवली होती. खुब्याचं विचारल्यावर मात्र गप्प झाली, मग म्हणाली, "आपला किसन नव्हता का." तो चौकोन मी तिच्यासमोरच काढला.

आता रक्ताकडे येऊ. लाल पेशीत जे हिमोग्लोबिन असतं ते प्रथिन आहे. त्यात चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी म्हणजे १४६ मण्यांची बोरमाळ समजा. त्यातला सहावा मणी बदलला, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, की झालं हिमोग्लोबिन एस. १४५ मणी जिथल्या तिथं, एकच बदललेला. पण प्राणवायू कमी पडला की असलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतं आणि गोल पेशीचा विळा होतो. विळा बारीक नसांत अडकतो, त्याच त्या कळा. लवकर फुटतोही, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे विद्राव्यता चाचणी. शिबिरात नळीत रक्ताचा थेंब टाकतात ती. आमच्याकडे अजून बरेच जण तिला 'रेघांची तपासणी' म्हणतात, कारण नळीमागे रेघांचं कार्ड धरून बघायचं असतं. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पण ही तपासणी इतकंच सांगते. एक जनुक बदललेलं आहे की दोन्ही, म्हणजे माणूस वाहक आहे की आजारी, ते यातून कळत नाही. वहीत नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' लिहून ठेवणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे. पुढची तपासणी मागायचीच: एचपीएलसी, किंवा हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस. दोन्ही रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतात. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, दोनेक मिली पुरतं, उपाशी यायची गरज नाही.

इथं माझी एक चूक सांगते, म्हणजे ती तुमच्या घरात होणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका शिबिरात चार महिन्यांचं लेकरू आलं. मी रेघांची तपासणी केली, स्वच्छ आली, आणि त्याच्या आईला सांगितलं, "काही नाही, निर्धास्त राहा." तान्ह्या बाळात अजून बाळपणचं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, भरपूर असतं आणि एस कमी, त्यामुळे सहा महिन्यांच्या आत ही चाचणी भरवशाची नाही. शिकताना हे वाचलं होतं, त्या गर्दीत आठवलं नाही. तेच लेकरू दीड वर्षाचं असताना पंजे सुजवून दवाखान्यात आलं. दोन्ही जनुकं एस. ती बाई मला काही बोलली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीसमोर रक्त काढलं तेव्हाचं वय लिहिते, आणि तुम्हीही लिहा. तान्ह्याचं लवकर कळायला हवं असेल तर एचपीएलसीच करायची, आणि सहा महिने ते वर्षानंतर ती पुन्हा करून खात्री करायची.

वयाशेजारी आणखी एक रकाना ठेवा: शेवटचं रक्त कधी चढवलं. दुसऱ्याचं रक्त अंगात असताना तपासणी केली तर निम्मी माहिती रक्तदात्याची येते. रक्त चढवायच्या आधी नमुना काढून घ्या म्हणून डॉक्टरांना हक्कानं सांगा. नाहीच जमलं तर तीन महिने थांबून तपासा.

एचपीएलसीचा कागद पाहून लोक घाबरतात. चढउताराचा आलेख आणि खाली आकडे. आलेख राहू द्या, हिमोग्लोबिनच्या चार प्रकारांचे आकडे शोधा: ए, ए२, एफ आणि एस. ते वहीत एकाखाली एक लिहा. मोठ्या निरोगी माणसात ए सगळ्यात जास्त, ए२ साडेतीन टक्क्यांच्या आत, एफ एखाद्या टक्क्याइतकं, एस शून्य. सिकलसेलच्या वाहकात एस साधारण ३० ते ४० टक्के असतं आणि ए त्याहून जास्त. हे लक्षात ठेवा, ए जास्त म्हणजे वाहक. याला एएस म्हणतात. आजारी माणसात, म्हणजे एसएसमध्ये, ए जवळजवळ नसतंच. एस बहुतेक ७० च्या वर आणि एफ वाढलेलं. आपल्याकडच्या एस जनुकाभोवतीच्या रचनेला अरब-भारतीय म्हणतात आणि त्यात एफ बऱ्याचदा जास्त राहतं. एफ दोऱ्या वळू देत नाही, म्हणून काहींचा आजार सौम्य असतो. पण सगळ्यांचा नाही. "आपल्याकडचा सिकलसेल हलका असतो" असं कुणी म्हणालं तर मला माझा भाऊ आठवतो.

कधी कागदावर ए अजिबात नसतं, एस भरपूर असतं, पण आईबापांपैकी एकालाच सिकलसेल निघतो. घरात भांडणं लागतात, बाईवर नको ते आरोप होतात. थांबा. दुसऱ्या पालकाचा ए२ बघा. ए२ चारच्या वर असेल तर तो पालक बीटा थॅलसेमियाचा वाहक आहे. या आजारात बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून थॅलसेमिया मिळून लेकरू आजारी झालेलं असतं, आणि कागद दिसतो एसएससारखाच. म्हणून वहीत फक्त लेकराचं पान असून भागत नाही, आईबापांची पानं शेजारी लागतात. एक सावधगिरी मात्र ठेवा. एस असलेल्या रक्तात मशीन ए२ थोडा फुगवून दाखवतं, त्यामुळे वाहकाच्या कागदावरचा चार-साडेचारचा आकडा बघून स्वतःच निकाल लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

थॅलसेमियाच्या वाहकाचा माग साध्या रक्त तपासणीतही लागतो. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं आकारमान. ते ८० च्या खाली, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं की माझा हात थांबतो. एमसीव्हीला पेशींच्या संख्येनं भागा, संख्या दशलक्षात घेऊन. ६५ भागिले ५.५ म्हणजे बाराच्या आत. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलसेमियाचा संशय घ्यायचा, वर आलं तर बहुधा लोहाची कमतरता. हा नुसता अंदाज आहे, निकाल एचपीएलसीचा. आणि लोह फार कमी असेल तर ए२ चा आकडाही खाली ओढला जातो, तेव्हा आधी लोह भरून काढून मग तपासलेलं बरं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन न चढणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांचं पान हा भागाकार करून बघण्यासारखं असतं.

आमच्या भागात सिकलसेलला 'आदिवासींचा आजार' म्हणायची सवय आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध यांच्यात तो आहे हे खरं. १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश या संशोधकांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखवला, तेव्हापासून ही ओळख चिकटली. पण मध्य भारतात तो इतर समाजांतही आहे. जनुक जातीचा दाखला बघून येत नाही. १९४९ मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन एस नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं सरकतं हे दाखवलं. १९५४ मध्ये अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की एक एस जनुक असलेल्या लेकराला हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथं जंगल, पाणी, डास आणि पिढ्यान्‌पिढ्या हिवताप, तिथं वाहक लेकरं जास्त जगली, म्हणून हा बदल टिकला. आमचं पैनगंगेकाठचं सागवानी रान बघितलं की हे समजून सांगायला वेळ लागत नाही. वाहकाच्या रक्तात दोष शोधणाऱ्यांना मी हेच सांगते: तुमचे पूर्वज ज्या तापातून वाचले, त्याची ही खूण आहे.

दुसरीकडे त्याच हिवतापाला लोकांच्या रक्तानं दुसरी उत्तरं दिली. पश्चिम आफ्रिकेत त्याच सहाव्या मण्याच्या जागी वेगळाच मणी येऊन हिमोग्लोबिन सी झालं. तिथल्या बहुतेकांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिनच नसतं, आणि व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाला पेशीत शिरायला मुख्य दार तेच. आपल्याकडे ते दार उघडं आहे. बंगाल, आसाम आणि पुढे थायलंड-कंबोडियाकडे २६ वा मणी बदललेलं हिमोग्लोबिन ई सापडतं. पंजाबकडे १२१ वा मणी बदललेलं डी. सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत बीटा थॅलसेमिया जास्त.

हे सगळं दूरचं वाटेल, पण नांदेडात बसून सगळं बघायला मिळतं. रेल्वेच्या कामावर आलेल्या बंगालकडच्या एका बाईच्या कागदावर ए२ २८ टक्के आलं. थॅलसेमियात ए२ इतकं कधीच जात नाही. ते ई होतं, मशीनमध्ये ए२ च्याच जागी दिसतं. गुरुद्वाऱ्याच्या शहरात डीसुद्धा अधूनमधून येतं. जुन्या पद्धतीच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये डी आणि एस एकाच जागी दिसतात, त्यामुळे डीच्या वाहकाला सिकलसेल ठरवलं जाऊ शकतं. उपाय सोपा आहे, रेघांची तपासणी जोडीला करायची. डीमध्ये रेघा स्वच्छ राहतात. डीचा वाहक ठणठणीत असतो, पण त्याचं लग्न एसच्या वाहकाशी झालं तर त्या दोघांच्या लेकराला आजार होऊ शकतो. म्हणून वहीत अक्षर नेमकं हवं, 'हिमोग्लोबिनमध्ये काहीतरी' असं नको.

वहीत एक पान जी६पीडीचं ठेवा. हे लाल पेशीतलं विकर आहे, पेशीला सांभाळणारं. ते कमी असेल तर एरवी काही कळत नाही. व्हायवॅक्सच्या हिवतापात चौदा दिवस प्रायमाक्विन देतात, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी लगेच बंद करून दवाखाना गाठायचा. हा बदल एक्स गुणसूत्रावर असतो, आईकडून मुलाला जातो, त्रास बहुतेक मुलग्यांना. म्हणून झाडावर मामाकडे बघायचं. तपासणी पेशी फुटल्या-फुटल्या करू नका, नव्या पेशींत विकर जास्त असतं आणि कागद खोटा चांगला येतो. तीनेक महिन्यांनी करा. आणि एक घरगुती गोष्ट: पेटीतले कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले असतात, बाळ जन्मलं की तीच दुपटी काढून त्याला गुंडाळतात. ज्या बाळात हे विकर कमी आहे त्याला त्या वासानंसुद्धा जोराची कावीळ होते. बाळंतिणीच्या घरी गेले की मी पेटी उघडायला लावते.

रक्तगट तर सगळेच लिहितात. तुमचा ओ असेल आणि रक्तपेढीत कुठलंच ओ जुळेना असं कधी घडलं, तर 'बॉम्बे गट' तपासायला सांगा. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. सापडला तर पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करा.

आता लग्न. शिबिरात मी आईबापांच्या हातावर दाणे ठेवते. दोघंही वाहक धरायचे, म्हणून दोघांच्याही तळव्यावर एक ज्वारीचा, एक उडदाचा. उडीद म्हणजे बदललेलं जनुक. डोळे मिटून दोघांनी एकेक दाणा पुढे करायचा. दोन्ही उडीद आले तर लेकरू आजारी, एक उडीद एक ज्वारी तर वाहक, दोन्ही ज्वारी तर काहीच नाही. चारांत एक, चारांत दोन, चारांत एक. मग मी दाणे परत ठेवायला लावते, कारण दर बाळंतपणाला खेळ नव्यानं सुरू होतो. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" हा समज त्या एका कृतीनं जातो. नंतर एकाच्या हातावर दोन्ही ज्वारी ठेवते आणि म्हणते, काढा किती वेळा काढायचं ते. आजारी लेकरू निघतच नाही. वाहकानं लग्नच करू नये असं म्हणणाऱ्यांना एवढं दाखवलं की पुरतं.

वही दाखवायची वेळ बोलणीच्या आधीची. साखरपुडा झाल्यावर कागद काढला तर मोडलेल्या लग्नाचा डाग मुलीवरच येतो. लग्न झालेलं असेल तर बाईला दिवस राहिल्याचं कळताच नवऱ्याचीही तपासणी करा. दोघंही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या वारेचा कण काढून बाळाचं जनुक तपासता येतं, आणि कायद्यानं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी करायला परवानगी आहे. यासाठी उशीर परवडत नाही.

वाहकाच्या पानावर फार लिहायचं नसतं. तो आजारी नाही, त्याला औषध लागत नाही. एसएसचं पान मात्र मोठं ठेवा. त्याचं एरवी बरं असतानाचं हिमोग्लोबिन किती, हे ठळक लिहा. एखाद्याचं नेहमीचंच साडेसात असतं, आणि ते माहीत नसलेला डॉक्टर घाईनं रक्त चढवतो. पानथरी किती बोटं लागते, कळा कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध किती मात्रेत सुरू आहे, न्यूमोकोकसची लस कधी झाली, कळा कशानं आल्या, तेही लिहा. आमच्याकडे हिवाळ्यात पैनगंगेत डुंबून आलेलं लेकरू रात्री तळमळतं, वेचणीच्या दिवसांत पाणी न पिता शेतात राबलेला तरुण संध्याकाळी येतो. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात चौकट करून लिहा: १०१ ताप, छातीत दुखणं, दम लागणं, पानथरी एकाएकी वाढणं, एक बाजू लुळी पडणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

सरकारी तपासणी फुकट आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, मुख्यतः आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांसाठी. शिबिरात मिळालेलं कार्डही वहीत चिकटवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आणि थॅलसेमिया दोन्ही आहेत, एसएस असलेल्यांनी प्रमाणपत्रासाठी हीच वही घेऊन जावं.

आमच्या वहीत यंदा नवं पान लागलं. बहिणीला मुलगी झाली. पेन्सिलनं गोल काढलाय, रंगवलेला नाही. खाली लिहिलंय: आई एएस, वडील एए, एचपीएलसी पहिल्या वाढदिवसानंतर.